ओदेतच्या माळ्यावरचा पांढरा धागा

नमुना १
जागा: माळा, त्युर्कॉत यांचं घर
घेणार: गिस्लेन पोमर्लो (मी)
निकाल: आहे

बुधवारी दुपारी अहवाल आला. त्यातला शेवटचा शब्द मी उभ्या उभ्या चार वेळा वाचला आणि मग खाली बसले.

"आहे" याला माझी हरकत नव्हती. चौपन्न साली बांधलेलं घर, माळ्यावर थंडी अडवायला पसरलेल्या सोनेरी लाह्या. पोत्यातून यायच्या त्या, भाजून फुगवलेल्या दगडाच्या, हलक्या, चकचकीत. अशा माळ्यात अॅस्बेस्टॉस निघालं तर मी कागद फाइलला लावते आणि जेवायला जाते.

माझी हरकत पुढच्या ओळीला होती. तिथं लिहिलं होतं: प्रकार, पांढरा.

आमच्या गावाला ही जात शिकवावी लागत नाही. पांढरा म्हणजे आमच्या डोंगराचा. मऊ, कुरळा, रेशमासारखा. सेंत-झ्युदितमध्ये त्याच्यावर तीन पिढ्या जेवल्या. पण त्या सोनेरी लाह्या आमच्या नाहीत, दूरच्या वेगळ्याच खाणीतल्या. त्यांच्यात काही मिसळलेलं असलंच तर ते असतं दुसऱ्या जातीचं, ताठ, सुईसारखं. त्यांच्यात पांढरा निघणं म्हणजे मेपलच्या पाकात माशाचा काटा निघण्यासारखं.

मी खाणीच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून धागे मोजले. खाण बंद झाल्यावर जुन्या घरांचे नमुने घ्यायला लागले. धागा ओळखण्यात मी चुकत नाही. शेरब्रुकच्या प्रयोगशाळेतली नादियाही चुकत नाही, आणि अहवालावर सही तिची होती.

तेवढ्यात तिचाच फोन आला.

"गिस्लेन, रागावू नकोस हं. तुझ्या घरी तो दगड आहे का?"

"कोणता?"

"तुमच्या गावात सगळ्यांच्या घरी असतो तो. खाणीतला, केसाळ."

"होता. नवऱ्याबरोबर गेला. दोघंही गेले ते बरं झालं."

ती हसली नाही. "मग सांग, हे पिशवीत गेलं कसं? पिशवी तर तुझ्याच ताब्यात होती."

"तुला म्हणायचंय काय?"

"मी काही म्हणत नाही. पण परवाना देणारे म्हणतील. शुक्रवारी दुपारपर्यंत मला काहीतरी लिहून दे."

शुक्रवारी दुपारीच घर घेणारं जोडपं हो की नाही ते सांगणार होतं. नाही म्हणाले तर ओदेत त्युर्कॉत, वय एकोणऐंशी, तिकडे गातिनोला लेकीजवळच्या वृद्धाश्रमात जाणार नाही. तिथली खोली दुसऱ्या कुणाला जाईल आणि ती याच घरात राहील. एका पिशवीवर एका म्हातारीचं घर टांगलेलं होतं, आणि पिशवीवर नाव माझं होतं.

नमुना २
जागा: पिशवीतला उरलेला अर्धा भाग, शेरब्रुकची प्रयोगशाळा
स्थिती: ओला, डबल पिशवीत
निकाल: कुणीतरी

"तू किती तपासलंस?" मी नादियाला विचारलं.

"पांढरा दिसला तिथं थांबले. एकदा 'आहे' निघालं की पुढं बघायचं नाही, नियमच आहे."

हवा ओढणाऱ्या काचपेटीत तिनं उरलेला भाग ताटलीत ओतला. लाह्या, धूळ, उंदराच्या लेंड्या, एक गंजका खिळा. माळा ओदेतचाच होता, प्रश्न नाही. आणि लाह्यांच्या वर, नुकत्याच केलेल्या बिछान्यावर पडलेल्या केसासारखा, एक झुबका. मी चिमट्यानं उचलला. माझ्या बोटाच्या पेराएवढा लांब.

"यंत्रातून गेलेला माल इतका लांब नसतो," मी म्हणाले. "खाणीच्या कचऱ्याच्या डोंगरातही सापडत नाही. हा हातानं ओढलाय. जुन्या बोगद्यातले दगड माणसं जेवणाच्या डब्यातून लपवून घरी आणायची ना, त्यातलाच आहे हा."

"म्हणजे मुद्दाम टाकलाय?"

"पाय फुटून आला असेल तर माहीत नाही."

"तुझी पिशवी उघडी होती?"

या प्रश्नाचं उत्तर इथं लिहून टाकते, कारण त्यात माझी चूक आहे.

सोमवारी सकाळी पावणेदहाला मी माळ्यावरून उतरले. मुखवटा काढला, अंगावरचा कागदी झगा गुंडाळला. नमुन्याच्या पिशव्या निळ्या पेटीत टाकून पेटी मागच्या पडवीत ठेवली. असलं सामान मी कुणाच्या स्वयंपाकघरात नेत नाही. पिशव्यांना चेन लावलेली होती. वरची चिकटपट्टी मी निघताना लावते, कारण चिठ्ठी लिहायला टेबल लागतं, टेबल स्वयंपाकघरात असतं, आणि स्वयंपाकघरात गेलं की कॉफी प्यावीच लागते. इथं कॉफीला नाही म्हणणारी बाई मी अजून पाहिली नाही. मला तसं करून दाखवायचंही नाही.

तर मी चाळीस मिनिटं टेबलाशी होते. ओदेतनं मला कॉफी दिली, काळी. स्वतःला लिंबाचा चहा घेतला. साखरेच्या सारणाच्या पाईचा एक तुकडा माझ्यासमोर आला, मग दुसरा. मध्येच ती पडवीतल्या थंड फळीवरून क्रीमचा जग घेऊन आली. एमील, तिचा मेलेला नवरा, भिंतीवरच्या फोटोतून आमच्याकडे बघत होता.

त्या चाळीस मिनिटांत घरात आणखी तिघं आली. रेझाँ आला माळ्याचं झाकण मोजायला. कारीन, घर घेणारी, पडद्यांची मापं घ्यायला. नॉर्माँ, ओदेतचा दीर, शेजारीच राहतो, सरपण घेऊन आला.

पेटी पडवीत होती आणि चिकटपट्टी माझ्या खिशात.

नमुना ३
जागा: रेझाँची गाडी, लाकडाच्या वखारीसमोर
स्थिती: कोरडा, ठिसूळ
निकाल: राग येतो, पण नाही

रेझाँ पूलाँ जुन्या घरातलं अॅस्बेस्टॉस काढायचं काम करतो. पूर्वी तो माझा नवराही होता. मी शोधते आणि तो काढतो. त्यावरून गाव काय म्हणतं ते मला माहीत आहे.

"ये, बाई," त्यानं काच खाली केली. "माझं काम काढून दिलंस म्हणे. दलाली किती देऊ?"

"सोमवारी पडवीतून आलास तेव्हा माझी पेटी पाहिलीस?"

"पाहिली. नेहमीसारखी उघडी. एकवीस वर्षांच्या संसारात तू बरणीचं झाकण नीट लावलं नाहीस."

"आणि तू बरणीत बोट घालणं सोडलं नाहीस. दगड कुठंय?"

"कसला?"

"आपला. वाटणीत तू नेलास तो."

"आईच्या थडग्यावर ठेवलाय. जा, बघ. बर्फाखाली असेल." तो माझ्याकडे बघत राहिला. मग हसणं थांबलं. "काय निघालं माळ्यात?"

"पांढरा."

"त्या लाह्यांत?" त्यानं स्टिअरिंगवर हात आपटला. "कुठल्या गाढवानं टाकला? आणि तुला वाटलं मी? गिस्लेन, मला लबाडी करायची असती तर निदान बरोबर जातीची केली असती. आणि करू कशाला? मी तर लोकांना सांगतो, या लाह्या दिसल्या की तपासूच नका, आहे असंच धरा आणि हात लावू नका. तुझ्या धंद्यावर पाणी पडतं म्हणून तू मला शिव्या घालतेस."

हे खरं होतं. मला वाईट वाटलं, कारण तो गुन्हेगार निघाला असता तर आठवडा छान गेला असता.

"झाकण लाव पेटीला," तो काच वर करता करता म्हणाला.

नमुना ४
जागा: कारीनच्या भाड्याच्या घराचं स्वयंपाकघर
स्थिती: फक्त उत्तरं, माझे प्रश्न गाळले आहेत, ते मला स्वतःलाच आवडले नाहीत
निकाल: दगडच नाही

हो, सोमवारीच. दहाच्या सुमाराला. पडद्यांसाठी.

मागूनच. पुढून कशी येणार? छपरावरचा सगळा बर्फ घसरून पुढच्या पायरीवर पडला होता, माझ्या कमरेएवढा, दगडासारखा. दारही दिसत नव्हतं. आणि तसंही तुमच्याकडे पुढच्या दारानं फक्त पाद्री येतो म्हणे. आणि शवपेटी.

निळी? तीच का ती पेटी? अरे देवा, मी तिच्यावर ओले हातमोजे ठेवले होते.

नाही, उघडली नाही. मी का उघडेन?

माझ्या नवऱ्याला, माक्सीमला, भाव कमी करून हवाच आहे, खोटं कशाला बोलू. सगळ्यांनाच हवा असतो. पण मला माळ्यावर खोली हवी होती. सप्टेंबरसाठी. तुम्ही आल्यापासून माझ्या पोटाकडे बघताय, मग विचारा ना सरळ.

अॅस्बेस्टॉस काळं असतं ना? मग हिरवं? मी कधी पाहिलेलंच नाही हो, आम्ही समुद्राकडचे.

दगड? कसला दगड?

थांबा. तुम्ही लोक तो दिवाणखान्यात ठेवता? लग्नाच्या फोटोशेजारी? आणि पाहुण्यांना हात लावून बघा म्हणता?

ओदेतबाईंकडे? हो, काचेच्या कपाटावर काहीतरी होतं खरं, करडं. मला वाटलं मेलेलं मांजर असेल भुसा भरलेलं. मी विचारलं नाही, वाईट दिसतं ना.

नाही, आमच्याकडे नाही. तुम्ही झडती घ्या हवी तर. घ्याच, मला बरं वाटेल.

एक विचारू? ते माळ्यावर नुसतं पडून असेल, तर त्या एवढी वर्षं राहिल्या तशी मी राहू शकेन का, खोली न काढता? पण बाळ मोठं होतं, चढायला लागतं, नाही का?

नमुना ५ (रद्द)
जागा: नॉर्माँ त्युर्कॉतची लाकडाची खोप
निकाल: ~~तोच~~

हे प्रकरण मी लिहिलं आणि त्यावर रेघ मारली. पण रेघेखालचं वाचता येतंय, म्हणून राहू देते.

नॉर्माँ लाकूड फोडत होता. वय चौऱ्याहत्तर. बायको गेल्यापासून रोज संध्याकाळी पाच वाजता ओदेतच्या टेबलाशी जेवतो, टोपी काढून. तोंडावर 'वहिनी' म्हणतो आणि ती दुसरीकडे बघत असली की तिच्याकडे बघतो. हे मलाच नाही, सगळ्या गल्लीला माहीत आहे.

"सोमवारी कुठल्या दारानं आलास?" मी विचारलं.

"पुढच्या."

"हातात सरपण घेऊन?"

"मग? पुढचं दार काय सरपणाला बंदी आहे?"

"पुढच्या दाराला कमरेएवढा बर्फ होता, नॉर्माँ."

त्यानं कुऱ्हाड ओंडक्यात रुतवली. हातमोजे काढले. पुन्हा घातले.

"चौऱ्याहत्तर वर्षांत या गल्लीत पुढून कोण आलंय?" मी म्हणाले. "तू पडवीतूनच आलास. पण पडवीत होतास हे तुला सांगायचं नाहीये. का?"

"ती जाऊ नये म्हणून," तो म्हणाला. "बस. झालं? मीच टाकलं. लिही. मी रोज तिथं जेवतो, ती गेली की मी डब्यातलं सूप खाणार. लिही तेही."

"काय टाकलंस?"

"आपलं. पांढरं. आपल्या दगडातलं."

सगळं बसत होतं. कारण होतं, संधी होती. जातीची चूकही आमच्या गावकऱ्याला शोभणारी होती. इथल्या माणसाला अॅस्बेस्टॉस म्हटलं की एकच दिसतं, डोंगरातलं पांढरं रेशीम. दुसरी जात असते हे त्याच्या गावीही नसतं. बाहेरच्याला दगड मिळाला नसता, आणि रेझाँसारख्या जाणत्यानं तो वापरला नसता. मी मनातल्या मनात नादियाला पत्र लिहायलाही लागले.

"दगड दाखव," मी म्हणाले.

"कशाला? कबूल केलंय ना मी?"

"दाखव."

तो आत गेला आणि बऱ्याच वेळानं दगड घेऊन आला. मी हातात घेतला. दगड चमकत होता. गुळगुळीत, पिवळसर, काचेसारखा.

"हे काय?"

"बायकोनं वार्निश मारलं होतं," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "शहाण्णव साली. धूळ पडते म्हणायची. तीन हात मारले."

मी नखानं धागा काढायला बघितलं. मग खिशातल्या चाकूनं. धागा सोडाच, चाकूचं टोक घसरलं.

"नॉर्माँ, तू सोमवारी पडवीत कुणाला पाहिलंस?"

त्यानं कुऱ्हाड उपसली आणि पुढचा ओंडका ठेवला. मी तिथं असेपर्यंत तो फोडतच राहिला. फोडलेली लाकडं मात्र फार बारीक निघत होती.

नमुना ६
जागा: ओदेत त्युर्कॉतचं स्वयंपाकघर
स्थिती: बटाटे सोलणं चालू
निकाल: आहे

"बस, पोरी. कॉफी टाकते."

"नको, मादाम ओदेत."

बटाट्याची साल मध्येच थांबली. या घरात हे वाक्य पहिल्यांदाच बोललं गेलं असावं.

"सोमवारी तुम्ही क्रीम आणायला उठलात," मी म्हणाले.

"पाहुणी आली की क्रीम नको?"

"मी काळी पिते. एमीलच्या अंत्यविधीनंतर याच टेबलाशी तुम्ही सगळ्यांना बजावत होतात, गिस्लेनला दूध दाखवू नका म्हणून."

"म्हातारी झाले गं. विसरते."

"आणि तुम्ही लिंबाचा चहा घेतला होता. दुसरं कुणी टेबलाशी बसलंच नाही. जग भरलेला आला आणि भरलेलाच परत गेला."

ती बटाटा सोलत राहिली. एवढा पातळ सोलला की सालीतून सुरी दिसत होती.

"नॉर्माँ म्हणतो त्यानं केलं."

"तो गाढव आहे," ती पटकन म्हणाली. "त्याचा दगड वार्निशचा आहे."

आणि मग आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, कारण दगडाचं नाव मी काढलंच नव्हतं.

मी उठून दिवाणखान्यात गेले. काचेच्या कपाटावर एमीलचा दगड होता. त्याची केसाळ बाजू भिंतीकडे फिरवलेली होती. मी हातमोजा घातला आणि दगड वळवला. कडेला दोन बोटं रुंदीची जागा बोडकी होती, नुकतीच उपटलेली, खालचा खडक स्वच्छ हिरवा.

मागून तिचा आवाज आला. "रविवारी ओढून ठेवला होता. अॅप्रनच्या खिशात. पडवीत पिशवीची चेन उघडली आणि टाकला. नॉर्माँ दारात लाकडं घेऊन उभा होता, त्यानं पाहिलं. पावलं न वाजवता मागे गेला आणि पुन्हा आला, जणू आत्ताच येतोय."

"का?"

"लेकीनं, ल्युसीनं खोली घेतलीय ना तिकडे गातिनोला. गाड्या लावायच्या जागेकडे खिडकी आहे. नाताळात सगळ्यांसमोर विचारलं, आई येशील ना? नातवंडं टाळ्या वाजवायला लागली. मी हो म्हणाले. तू काय म्हणाली असतीस?"

"नको म्हणायचं होतं नंतर."

"एकदा शब्द दिला की दिला. पण घरच विकलं नाही तर कुणाचा दोष? देवाचा, नाहीतर खाणीचा." तिनं हात पुसले. "आणि यात कुणाला इजा होणार होती, सांग. आपला पांढरा कुणाला चावत नाही. एमील रोज त्यानं माखून यायचा. मेला तो शिडीवरून पडून."

"मी रोज सकाळी सूक्ष्मदर्शकात बघायचे, मादाम ओदेत. ज्या माणसांच्या हवेतले धागे मी मोजायचे त्यातली कितीतरी आता नाहीत. चावतो तो. फक्त वीस-तीस वर्षं वाट बघतो."

ती खुर्चीवर बसली.

"आणि माझं काय झालं असतं? पिशवीवर नाव माझं आहे. गाव म्हणालं असतं, गिस्लेननं रेझाँसाठी टाकला."

"हे माझ्या डोक्यातच आलं नाही गं." तिचा चेहरा खरंच पडला. "देवाशप्पथ. मी फक्त इतकाच विचार केला, की मला इथंच मरायचंय."

मी एमीलचा दगड ओल्या फडक्यात गुंडाळून दोन पिशव्यांत घातला आणि चिकटपट्टी लावली. मग मुखवटा चढवून पुन्हा माळ्यावर गेले. खराब झालेला नमुना रद्द होतो, नवा घ्यावाच लागतो. पाणी फवारून पाच जागांहून घेतला, तळापर्यंत, कारण वाईट असेल ते खाली बसतं. या वेळी पिशव्यांना पट्टी शिडीवरच लावली.

खाली उतरले तेव्हा ती शिडीशी उभी होती.

"आता काही निघणार नाही ना?" ती म्हणाली. "खरं तेच निघेल. म्हणजे मला जावं लागणार."

मी पिशव्या पेटीत ठेवल्या. मलाही तेच वाटत होतं, आणि बुधवारपासून पहिल्यांदाच मला ते आवडत नव्हतं.

नमुना ७
जागा: माळा, पुन्हा
घेणार: मी
निकाल:

शुक्रवारी साडेअकराला नादियाचा फोन आला.

"पांढरा शून्य," ती म्हणाली. "तुझं पत्र मिळालं. तू सुटलीस."

"बरं."

"गिस्लेन, फोन ठेवू नकोस. दुसरी जात आहे. सुया. पाचही पिशव्यांत, तळाशी. पहिल्या नमुन्यातही असणार, मी पांढऱ्यावरच थांबले म्हणून दिसल्या नाहीत."

मी गाडी घेऊन ओदेतकडे गेले. टेबलाशी नॉर्माँ बसला होता, टोपी काढून, जेवणाची वेळ नसताना. मी दोघांना एकदमच सांगितलं.

ओदेत आधी माझ्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली, खुर्चीच्या पाठीला धरून.

"म्हणजे मी खोटं बोललेच नाही!"

"बोललीस, वहिनी," नॉर्माँ म्हणाला. "फक्त चुकून खरं निघालं."

"कारीनचा सकाळीच फोन आला होता," ती डोळे पुसत म्हणाली. "नको म्हणाली घर. बाळाला उगाच भीती नको. फार गोड पोरगी आहे गं, रडत होती." मग एकदम गंभीर झाली. "मी राहू शकते का इथं? तसं असताना?"

"राहता येतं. त्याला कुणी उठवलं नाही तर ते तिथंच पडून राहतं. माळ्याचं झाकण चिकटपट्टीनं बंद करायचं. छताच्या दिव्यांभोवतीच्या फटी बुजवायच्या. खिळा ठोकायचा नाही, भोक पाडायचं नाही. वर कुणी जायचं नाही, आणि वायरमन आला की त्याला आधी सांगायचं. कधी छप्पर दुरुस्त करायची वेळ आली तर रेझाँच्या माणसांना बोलवायचं, स्वतः फावडं घ्यायचं नाही."

नॉर्माँ पाकिटाच्या मागे सगळं लिहून घेत होता, मोठ्या अक्षरांत, जणू परीक्षा आहे.

"झालं की मग," तो म्हणाला. "ल्युसीला काही सांगायलाच नको. अहवालच सांगेल. घर विकलं जात नाही, आईचा काय दोष?"

ओदेतनं मान हलवली. तिच्या खांद्यावरून चार महिन्यांचं ओझं उतरताना दिसत होतं. सुंठीवाचून खोकला गेला होता, आणि तिनं उठून किटली ठेवली.

मी फॉर्म बाहेर काढला. शेवटचं पान तेवढं राहिलं होतं. "एकच. लाह्या पसरल्यापासून माळ्यावर कोण कोण गेलंय?"

"एमील. तारा बदलायला एकदा. नंतर कुणीच नाही, वर ठेवण्यासारखं काय आहे?"

"तुम्ही?"

"माझे गुडघे बघितलेस का? झाकण ल्युसीच्या खोलीतल्या कपाटात आहे, तिथून..."

किटलीखालचा गॅस पेटवायला तिनं हात पुढे केला होता. तो तसाच राहिला.

"ओदेत?" नॉर्माँ म्हणाला. तो तिला नावानं हाक मारताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"ती जायची," ओदेत म्हणाली. "लहान असताना. कपाटातल्या फळ्यांवर पाय ठेवून. हिवाळ्यात बाहेर जाता यायचं नाही ना. तिचं घर होतं ते वरचं. बाहुल्या न्यायची. सोनं म्हणायची त्याला. परकराच्या ओच्यात भरून खाली आणायची सोनं."

मी पेन ठेवलं.

"मी बाहुल्यांच्या उशा शिवून दिल्या होत्या. एक बाजू उघडी. ती इथं, या टेबलाशी बसून त्या भरायची. वाटीनं. मग मी शिवायची. सगळ्या मैत्रिणींना वाटल्या तिनं." तिनं माझ्याकडे पाहिलं. "किती वर्षं वाट बघतं म्हणालीस?"

"बहुतेकांना काही होत नाही, मादाम ओदेत. खरंच सांगते. पण डॉक्टरला माहीत असायला हवं. त्यांनी दर वर्षा-दोन वर्षांनी छाती बघायला हवी. आणि सिगारेट ओढत असेल तर आजच सोडायला हवी."

"ओढते," ओदेत म्हणाली.

"उद्या करू फोन," नॉर्माँ हळूच म्हणाला. "नीट विचार करून. तिला वाटेल, येणार नाही म्हणून तू कारणं..."

ओदेतनं फोन उचलला होता. नंबर तिला पाठ होता, पण दोनदा चुकला. तिसऱ्यांदा लागला.

"ल्युसी? मी गं. नाही, ठीक आहे मी. ऐक. मी येत नाहीये गातिनोला. नाही, घरामुळे नाही. मला यायचंच नव्हतं, नाताळातही नव्हतं, मी हो म्हणाले ते खोटं होतं. रागव. रागव खुशाल, पण नंतर, मी ऐकून घेईन. मी त्यासाठी फोन नाही केला. तू कुठं आहेस आत्ता? उभी आहेस का? बस आधी. हातातली सिगारेट विझव आणि बस."